प्रणयकादंबरी, आफ्रिकन-अमेरिकन

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांनी कृष्णवर्णीय नायिकांभोवती रचलेला लोकप्रिय कादंबरीप्रकार. सुखान्त हे त्याचे ठरलेले अंग. पण त्याला ठोकळेबाज म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. कारण अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळात गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे विकली जाई. आपल्या मनाने जोडीदार निवडून त्याच्यासोबत आयुष्य काढणे, हाच इथे स्वातंत्र्याचा भाग होता.

या प्रकाराचा आरंभ बहुधा १९८० पासून मोजतात. त्या वर्षी डेल प्रकाशनाच्या संपादक व्हिवियन स्टीफन्स यांनी पत्रकार एल्सी वॉशिंग्टन यांची ‘एन्टवाइन्ड डेस्टिनीज’ ही कादंबरी रोझलिंड वेल्स या टोपणनावाने काढली. टेरी मॅकमिलन यांच्या ‘वेटिंग टू एक्झेल’ला (१९९२) प्रचंड खप लाभला आणि कृष्णवर्णीय वाचकवर्ग प्रकाशकांच्या नजरेत भरला. १९९४ मध्ये ‘अ‍ॅरबेस्क’ ही खास कृष्णवर्णीय प्रणयकथांची माला सुरू झाली.

त्याच वर्षी बेव्हर्ली जेन्किन्स यांची ‘नाइट साँग’ आली. यादवी युद्धानंतरच्या कॅन्ससमध्ये, कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या गावातली शिक्षिका ही तिची नायिका. त्यांच्या ‘इंडिगो’तली (१९९६) हेस्टर वायट गुलामगिरीत जन्मलेली, निळीच्या कामाने तिच्या हातांवर कायमचे डाग पडले आहेत. पुढे मिशिगनमध्ये ती पळून आलेल्या गुलामांना स्वतःच्या घरात लपवते. जखमी अवस्थेत तिच्याकडे आणलेल्या माणसावर तिचे प्रेम बसते, पण काम ती सोडत नाही. जेन्किन्स कादंबरीच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी देतात. शाळेच्या पुस्तकांनी वगळलेला इतिहास यातूनच आपल्याला कळला, असे सांगणाऱ्या वाचक त्यांना लाभल्या. या परंपरेतले सर्वात टिकाऊ लेखन त्यांचेच.

पुढे इतर समाजांतील लेखिकांनाही ही वाट मोकळी झाली. भारतात वाढलेल्या सोनाली देव यांच्या ‘अ बॉलिवूड अफेअर’मधली (२०१४) मिली ही राजस्थानातली बालवधू शिकायला मिशिगनला जाते.

मानमरातब मात्र फार उशिरा आला. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या संस्थापकांत स्टीफन्स होत्या. तरीही तिचा ‘रीटा’ पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना प्रथम मिळाला तो २०१९ मध्ये, केनेडी रायन आणि एम. मलोन यांना. २०२० मध्ये संस्थेने ‘रीटा’ बंद केला आणि नव्या पुरस्काराला स्टीफन्स यांच्यावरून ‘व्हिवियन’ हे नाव दिले.