देवडीतील लाकूड : काशीच्या मराठी घरांचा एक अलिखित दस्तऐवज

काशीतील मराठी वसाहतीचा इतिहास प्रामुख्याने घाट, देवालये, दानपत्रे आणि ग्रंथ यांच्या आधारे लिहिला गेला आहे. पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट (जन्म १५१३), त्याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२), गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली १६७४ मध्ये रायगडावर झालेला राज्याभिषेक आणि अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारविलेले विश्वनाथाचे मंदिर ही या इतिहासाची परिचित स्थाने होत. एकनाथांची भागवतावरील टीकाही १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाली. तथापि ज्या घरांमधून हा विद्याव्यवहार चालला, त्या घरांच्या दर्शनी भागात आलेल्याला कशावर बसवीत, पोथी कशावर ठेवीत, हे लेखी साधनांमधून क्वचितच कळते. या प्रश्नाचे उत्तर लाकडी वस्तूंमध्येच शोधावे लागते. आणि त्या वस्तूंची निवड व निगा यांचा विचार केल्यास स्थलांतरित संस्कृतीविषयी काही वेगळे हाती लागते.

प्रथम जागेचा विचार आवश्यक आहे. महाराष्ट्रातील वाड्यात दरवाजातून देवडीत, देवडीतून चौकात आणि चौकातून ओसरीवर असा प्रवेशाचा क्रम असतो. देवडी ही मुख्यतः पहारेकऱ्याची. पाहुण्याचे, हिशेबाचे आणि पुराणश्रवणाचे स्थान ओसरी. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मराठी वस्तीच्या भागांत गल्ल्या अरुंद आहेत. घर गल्लीला जवळजवळ पाठ करून उभे असते आणि उजेड येतो तो आतल्या चौकातून. बनारसी बोलीतील ‘ड्योढ़ी’ आणि मराठीतील ‘देवडी’ हे एकाच कुळातील शब्द असले, तरी काशीत ड्योढ़ी व तिच्यालगतचा दालान यांवर ओसरीचीही कामे येऊन पडतात. यात्रेकरूचे टेकणे, विद्यार्थ्याचे पाठांतर, तिऱ्हाइताशी बोलणे हे सारे याच भागात घडते. साहजिकच तेथील लाकडी सामान एकाच वेळी घरगुती आणि सार्वजनिक ठरते.

या सामानाच्या नावांमधून दोन भाषांचा सहवास स्पष्ट होतो. मराठीत ‘तख्त’ म्हणजे सिंहासन. बनारसमध्ये ‘तखत’ म्हणजे बसण्या-निजण्याचा रोजच्या वापरातील फळ्यांचा मंच. त्याच फारसी मुळातील ‘तक्तपोशी’ मराठी वाड्यात डोक्यावर असते, कारण ती छताची फळ्यांची जडण. हिंदीतील ‘तख़्तपोश’ मात्र माणसाच्या खाली असतो. मराठी ‘चौकी’वर पहारा बसतो, बनारसी ‘चौकी’वर घरातील कोणीही. ‘कपाट’ या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. हिंदीने तो अर्थ सांभाळला, म्हणून तेथे मंदिराचे ‘कपाट’ उघडतात. मराठीत तोच शब्द सामान ठेवण्याच्या वस्तूला लागला आणि हिंदीने त्या वस्तूसाठी पोर्तुगिजांकडून आलेला ‘अलमारी’ हा शब्द स्वीकारला. काशीत जन्मलेले आणि हिंदी दैनिक ‘आज’चे संपादक म्हणून कीर्ती पावलेले बाबूराव विष्णु पराडकर (१८८३-१९५५) यांच्यासारख्यांचे द्वैभाषिक जीवन अशाच घरगुती शब्दांच्या सीमेवर घडले असणार.

निवडीचा पहिला निकष लाकडाचा. येथेही शब्द फसवा आहे. महाराष्ट्रात ‘शिसवी’ म्हणून गौरविले जाणारे काळसर लाकूड आणि गंगेच्या खोऱ्यातील ‘शीशम’ या एकाच वंशातील, पण भिन्न जाती आहेत. शीशम तपकिरी, ठळक रेषांचे. त्याचा गाभा टिकाऊ व वाळवीला पुष्कळ दाद न देणारा, परंतु बाहेरचा फिकट थर लवकर पोखरला जाणारा. म्हणून फळीच्या कडेला फिकट पट्टा किती आहे, हे पाहूनच ती घ्यावी लागते. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते ओल अधिक सोसते. मात्र ते दुरून आणावे लागे. साल जड आणि मजबूत, म्हणून तुळ्यांना योग्य. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण अल्पायुषी.

दुसरा निकष आकाराचा. गल्लीच्या वळणातून आणि ठेंगण्या दरवाजातून जी वस्तू आत जाईल तीच उपयोगाची. पाय, चौकट आणि फळ्या सुट्या करता येणारा तखत येथे सोयीचा ठरतो. पाट, चौरंग आणि पोथीची ठवणी या वस्तू जमिनीलगतच्या बैठकीशी निगडित असल्याने स्थलांतरातही त्यांना बदलण्याचे कारण नव्हते. थोडक्यात, बैठकीची रीत दक्षिणेची आणि उपलब्ध लाकूड उत्तरेचे, असा संयोग येथे संभवतो.

निगेचे शास्त्र मात्र सर्वस्वी काशीच्या हवामानाने ठरविले आहे. उन्हाळ्यात ‘लू’ वाहते आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीत फारसे नाही. म्हणून जुना सुतार चौकटीच्या खाचेत फळी मोकळी ठेवतो. दुरुस्तीत तीच फळी डिंकाने किंवा खिळ्यांनी जखडली, की पुढच्या उन्हाळ्यात ती उभी चिरते. दगडी फरशीची ओल पायांतून वर चढते. यासाठी पायांखाली दगडाचे वा विटेचे ठोकळे आणि भिंतीपासून थोडे अंतर आवश्यक असते. वाळवी भिंतीवरून मातीची नळी बांधीत येते, त्यामुळे वस्तूचा मागचा व खालचा भागच अधिक वेळा तपासावा लागतो.

पुराचा प्रश्न वेगळा. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. भिजलेल्या लाकडावरील गाळ ओला असतानाच धुवावा आणि ते सावलीत, वाऱ्यावर सावकाश वाळवावे. घाईने उन्हात टाकल्यास ते वाकते. जवसाच्या तेलाचा हात पातळ हवा, कारण उरलेले तेल चिकट होऊन धूळ धरते. लाखेपासून केलेले स्पिरिट पॉलिश चमक देते, पण ओलीने पांढरे पडते; तेव्हा दर्शनी, वाहत्या जागेत ते फारसे उपयोगी नाही.

तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने खरी अडचण येथूनच सुरू होते. संहितेची शुद्ध प्रत सिद्ध करताना संपादक पाठभेद पुसून टाकीत नाही, ते नोंदवितो. लाकडाच्या बाबतीत हा विवेक क्वचितच पाळला जातो. पृष्ठभाग घासून नवा केला की बैठकीने गुळगुळीत झालेली कड, दौतीचा डाग, दिव्याच्या तेलाचे वर्तुळ, बदललेल्या पायाचा वेगळा रंग हे सर्व पाठभेद एका दिवसात नाहीसे होतात. वस्तू टिकते, तिच्यावरील लेखन जाते. २०२१ मध्ये लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धामासाठी त्या परिसरातील अनेक जुनी घरे पाडण्यात आली. अन्यत्रही वाटण्या, विक्री आणि पुनर्बांधणी चालूच आहे. कोरीव दरवाजाला गिऱ्हाईक मिळते. साध्या तखताच्या फळ्या सुट्या होऊन सरपणात वा दुसऱ्या वस्तूत जिरतात.

म्हणून अशा सामानाची निगा घेण्याआधी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे. लाकडाची जात, मापे, जोडाची पद्धत, दुरुस्त्यांचे थर, घरातील मूळ जागा आणि घरच्या माणसांनी दोन्ही भाषांत वापरलेली नावे, एवढे टिपले तरी पुरे. यांपैकी शेवटची बाब सर्वांत नाशवंत आहे. लाकूड कोरडे राखल्यास शंभर वर्षे टिकते. आजी ज्याला चौरंग म्हणते आणि नातू ज्याला चौकी म्हणतो, त्या वस्तूची दोन्ही नावे एकाच घरात ऐकू येण्याचा काळ मात्र दोन-तीन पिढ्यांपुरताच असतो.