जीपीएस मोजणीतील तिपाई व पोल

उपग्रहांच्या साहाय्याने जमीन मोजताना यंत्राची अँटेना जमिनीवरील खुणेच्या बरोबर वर, ठाऊक असलेल्या उंचीवर धरणारी साधने. यंत्र स्थान सांगते ते अँटेनाचे; मोजणीदाराला हवे असते खाली पुरलेल्या दगडाचे. मधले दीड-दोन मीटर उपग्रहांच्या हिशेबात येत नाहीत, ते माणसालाच सांभाळावे लागतात. आरटीके (मोजतानाच दुरुस्त स्थान देणाऱ्या) पद्धतीत आडवी चूक साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या आत राहते. पण दोन मीटरचा पोल एक अंश कलला की तेवढ्यानेच ३५ मिलिमीटरची चूक होते.

मोजणीत एक यंत्र एका जागी स्थिर असते, तो बेस; दुसरे बिंदूबिंदूवर नेतात, तो रोव्हर. बेसचे यंत्र तिपाईवर ठेवतात. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला व एक वरच्या अंगाला घेऊन ते जमिनीत दाबून बसवतात. यंत्राखालच्या बैठकीच्या, म्हणजे ट्रायब्रॅकच्या, तीन स्क्रूंनी प्रकाशीय ओळंब्याचे केंद्र खुणेवर आणायचे, मग पायांची लांबी कमीजास्त करून गोल बबल मध्यावर घ्यायचा. शेवटी स्क्रूंनी सूक्ष्म समतल साधून ट्रायब्रॅक न फिरवता, नुसता सरकवून, पुन्हा खुणेवर आणायचा. ओळंबा स्वतःच बिघडलेला असू शकतो. तो तपासण्यासाठी तिपाईच्या माथ्यावर ट्रायब्रॅकची कड पेन्सिलीने आखतात आणि त्याच आकृतीत तो १२०-१२० अंशांनी फिरवून दर वेळी समतल करतात. तिन्ही वेळा केंद्र एकाच ठिकाणी पडले पाहिजे.

सर्वांत महाग पडते ती उंचीची चूक. बेसची उंची पाच सेंटिमीटर चुकली, तर त्यावरून मोजलेल्या प्रत्येक बिंदूची उंची तेवढीच चुकते, आणि सगळे बिंदू एकत्रच सरकत असल्याने आपापसांतल्या तुलनेत ती उघडही होत नाही. खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंतचे माप तिरपे असते. ते १.५०० मीटर व अँटेनाची त्रिज्या ०.१०० मीटर असेल तर उभे अंतर १.४९७ मीटर भरते. म्हणून माप तिरपे की उभे, आणि अँटेनाच्या कोणत्या खुणेपर्यंत, हे वहीत लिहिलेच पाहिजे. तीन बाजूंनी माप घेऊन सरासरी काढावी आणि काम संपल्यावर पुन्हा मोजावे, कारण उन्हात मऊ झालेल्या डांबरात तिपाई खचते. ठरावीक दोन मीटर उंचीची तिपाई वापरली तर या मापातली बरीच जोखीम टळते.

रोव्हर पोलवर बसवतात. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत कॉर्स या कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांचा आधार घेतला जातो; तेव्हा शेतात बेसची तिपाई लागत नाही आणि सगळी भिस्त पोलवर येते. पोल कलला तर बिघडते ते मुख्यतः आडवे स्थान. एका अंशाने उंचीत फरक पडतो जेमतेम ०.३ मिलिमीटर. उंची बिघडते ती टोक रुतल्याने. काळ्या मातीत अणकुचीदार टोकाऐवजी चपटा पाय लावावा. हद्दीच्या दगडावर मात्र टोकच हवे, आणि पोलला बायपॉडचा (दोन पायांच्या टेकूचा) आधार द्यावा.

पोलचा बबल वरचेवर तपासावा लागतो. टोक एका खळग्यात ठेवून बबल मध्यावर आणायचा व पोल १८० अंश फिरवायचा. बबल ढळला तर निम्मा फरक बायपॉडने व निम्मा बबलच्या स्क्रूंनी काढायचा. महत्त्वाच्या बिंदूवर पोल असाच १८० अंश फिरवून दुसरे निरीक्षण घेतात. दोहोंच्या सरासरीत बबलची चूक कटते. नव्या रोव्हरमधील संवेदक कललेल्या पोलचा हिशेब आपोआप करतात, त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यासारख्या अवघड जागाही मोजता येतात. पोलची लांबी मात्र त्यांनाही बाहेरूनच सांगावी लागते.