ओल्या फडक्याचा इतिहास

1985 सालचा मे महिना. आई तेव्हाच्या उस्मानाबादेत दवाखान्यात होती आणि तिच्या गटाचं रक्त सोलापुरात मिळालं होतं. मामांच्या फियाटमधून आम्ही ते आणायला गेलो. येताना रक्ताची बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये होती आणि थर्मास माझ्या मांडीवर. तुळजापूरचा घाट चढताना गाडीचा जीव एकाएकी गेला. मामांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा भिजवला आणि इंजिनाला चिकटलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, अर्धा किलोमीटर गेली आणि पुन्हा बंद पडली. पुन्हा पंचा, पुन्हा वीस मिनिटं.

तिसऱ्या खेपेला सायकलवरून चाललेला एक मिस्त्री थांबला. त्यानं कशालाही हात लावला नाही. आधी विचारलं, “मालक, एकदम मेली का खोकत मेली?”

“एकदम.”

“मग पंचा काढा.”

त्यानं कॉइलची वायर उपसून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मामांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडलीच नाही. डिस्ट्रिब्युटरवरचा बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर काढून त्यानं पिशवीतला दुसरा बसवला. दहा मिनिटांत गाडी चालू झाली. रक्त पोहोचलं, आई वाचली. पण पंचा भिजवण्यात गेलेला तो पाऊण तास माझ्या डोक्यातून गेला नाही. मामा अडाणी नव्हते, तीस वर्षं गाडी चालवत होते. मग ते चुकले कसे? गेली काही वर्षं जिल्ह्यातल्या जुन्या मिस्त्रींकडे बसून मी याचंच उत्तर शोधतो आहे.

*

पहिली गोष्ट ही की ओलं फडकं म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. त्याला आपल्या भागाचा भूगोल आणि इतिहास आहे.

1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे येडशी, ढोकीवरून 1911 साली लातूरला पोहोचली. पण जिल्ह्याचं गाव तिनं बाजूलाच ठेवलं. उस्मानाबाद शहराला रेल्वे मिळाली ती एकविसाव्या शतकात, ब्रॉडगेज होताना. तोवर इथल्या माणसाला बाहेर जायचं तर रस्ताच. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तिथं रेल्वे खात्यानंच 1932 साली 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. 1948 नंतर राज्य बदललं, रस्त्यावरचं अवलंबून राहणं बदललं नाही.

खासगी मोटार म्हणजे पुढं बहुतेक वेळा फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1950च्या दशकात फियाट 1100 बाहेर पडू लागली. तीच गाडी 1970च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागं टाकी, पुढं इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा पंप. आराखडा इटलीतल्या तुरीनचा आणि चढ बालाघाटाचा.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नाही, अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. इंजिनाला टेकलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. मे महिन्याची दुपार, घाटातला दुसरा गियर, इंजिन जोरात आणि वारा कमी. अशा वेळी नळीत वाफ धरते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नुसतीच दबते आणि फुगते. याला व्हेपर लॉक म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर ‘एअर धरली’ म्हणत. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या नियमानं गार होतं तोच हा नियम. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय कोकणापेक्षा इथं जास्त लागू पडणार. म्हणजे फडकं बरोबरच होतं आणि पुष्कळदा बरोबर ठरलं. घोटाळा झाला तो इथंच.

*

फडकं गुंडाळलं की माणूस वीस मिनिटं थांबतो. त्या वीस मिनिटांत फक्त पंप गार होत नाही, सगळी गाडी गार होते. आता जुन्या गाडीचे चार आजार पाहा.

एक, व्हेपर लॉक. थांबलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. दोन, टाकीत हवा जायची वाट बुजलेली. पेट्रोल उपसलं जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपते. तीन, टाकीतला गंज आणि गाळ नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. थांबलं की खाली बसतो. चार, कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो.

चार वेगळे आजार आणि चौघांची तक्रार एकच: चढाला ताकद गेली, थांबलो, चालू झाली. उतारा दिला आणि गुण आला म्हणून आजार तोच, असं मानणं वैद्यकात जितकं धोक्याचं तितकंच इथंही. मामांचा पंचा पहिल्यांदा ‘लागू’ पडला, म्हणून तर त्यांनी तो दुसऱ्यांदा भिजवला.

मिस्त्रीचा प्रश्न या गुंत्याची पहिली गाठ सोडवतो. पेट्रोल कमी पडलं तर कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असतं. ते संपेपर्यंत इंजिन आचके देतं, खोकतं, पुन्हा उचल खातं. करंट गेला तर दिवा विझावा तसं एका क्षणात सगळं थांबतं. पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सरची ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं 1910च्या सुमारास रूढ केली. पॉइंट उघडताना तिथंच ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये, हे कंडेन्सरचं काम. तो आतून शॉर्ट झाला की पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, कॉइलला काही कळतच नाही.

पुढच्या पायऱ्या मला वेगवेगळ्या गावच्या मिस्त्रींनी जवळजवळ एकाच क्रमानं सांगितल्या. खोकत मेली असेल तर आधी टाकीचं झाकण उघडा. हवा सुस्कारा टाकत आत गेली, तर रोग तिथंच. नाही, तर पंपाची पुढची नळी सोडून सेल्फ मारा आणि धार पाहा. इंजिन तापलेलं असेल तर नळीचं तोंड बाटलीत धरा. धार नसली की मगच फडकं. म्हणजे ज्यांच्या नावावर फडकं खपलं, त्यांच्या क्रमात ते शेवटी होतं! मालकांनी रस्त्यावर मिस्त्रीचा हात पाहिला, तो उचलला. त्याआधीचा प्रश्न मात्र कुणी उचलला नाही. तो कुठं लिहिलेला नव्हता, गॅरेजमधल्या पोरांना ऐकून ऐकूनच येत होता.

*

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. नव्या गाडीत पंप टाकीतच असतो, तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो; त्यामुळे वाफ धरणं जवळपास संपलं. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत ते आता प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फोडतात. आपल्या उसाच्या जिल्ह्यात ही तक्रार जरा अवघडूनच केली जाते. कल्पना नवी नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याबाबत केंद्राचा कायदा 1948 सालीच झाला होता. आता वीस टक्के मिश्रण सर्रास मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि टाकीतला साठलेला मळ ते सोडवतं, हे खरं. पण न तपासता इथेनॉलचं नाव घेणं म्हणजे पुन्हा ओलं फडकंच.

मामांची फियाट आता माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात ती त्याच घाटात थांबली. खोकत थांबली. झाकण उघडलं, सुस्कारा नाही. नळी सोडून बाटलीत धरली, धार नाही. फडकं ठेवलं, तासभर थांबलो, तरी धार नाही. घरी आणून पंप उघडला तर डायफ्रॅमचं रबर मऊ होऊन फाटलं होतं. इथेनॉलनं मऊ केलं असेल. पण चाळीस वर्षांचं रबर आपणहूनही कुजतं. मी डायफ्रॅम बदलला आणि गाडीच्या कप्प्यातल्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. वहीच्या पहिल्या पानावर त्या सायकलवाल्या मिस्त्रीचा प्रश्न आहे. त्याचं नाव विचारायचं मात्र त्या दिवशी आम्हाला सुचलं नाही.