सोळा गावांची गोष्ट आणि शाळेची प्रकल्पवही

सोलापुरातील शाळेत ‘आपल्या गावाची आख्यायिका’ हा विषय मुलांस प्रकल्पासाठी दिला, की पहिल्या पानावर बहुधा एकच गोष्ट येते. सोळा गावे मिळून हे शहर झाले, म्हणून ते सोलापूर. चौकस विद्यार्थी असला तर गावांची नामावळीही देतो. ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांच्याशी निगडित असलेल्या कन्नड परंपरेत गावाचे नाव सोन्नलिगे असे आहे. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत शिलालेखात सोनलीपूर हे रूप येते. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर हे रूप आहे, तर तेथील विहिरीवरील लेखात संदलपूर असे आढळते. तेव्हा शिक्षकाने मुलाच्या वहीत लाल रेघ मारली, तर त्यास दोष कसा द्यावा?

तथापि ती रेघ मारण्यापूर्वी नामावळी एकदा सावकाश वाचावी, असे मला वाटते. तीत आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, खादरपूर, मुहम्मदपूर, शेखपूर ही नावे आहेत. ही घडण उघडच सुलतानी अमदानीतील आहे. पुढे संदलपूर, सोनलगी, सोनापूर ही नावे येतात, आणि चमत्कार असा की, खुद्द सोलापूर हेही त्या सोळांपैकीच एक! म्हणजे शिलालेखांतून दिसणारी एकाच नावाची जुनी रूपे लोकस्मृतीने टाकून दिली नाहीत. त्यांची निरनिराळी गावे करून ती जपली. शिवाय मराठीत ‘सोळा’ आहे, ‘सोला’ नाही. ‘सोल’ या अर्थहीन झालेल्या अक्षरांत संख्या ऐकणारा कान मराठी नसून दक्खिनी असावा, असे माझे अनुमान आहे. कथा खोटी ठरली, तरी ती कोणत्या बोलीत व सुमारे कोणत्या काळात आकारास आली याची खूण तिच्यातच आहे. लाल रेघेने नेमकी तीच खूण पुसली जाते.

शाळेस ही दृष्टी का नसावी, याचे कारण मराठी शालेय पुस्तकांच्या इतिहासात सापडते. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. मराठी गद्याची घडण त्यांतून झाली. परंतु त्यांच्याबरोबर एक समजूतही रूढ झाली. गोष्ट पुस्तकातून मुलाकडे यावयाची, आणि तिचे सार तात्पर्यात असावयाचे. मुलाच्या आजीस गोष्ट ठाऊक असेल, हा विचार त्या व्यवस्थेत बसत नव्हता.

याच्या उलट मार्गाने एक देश गेला. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात लोकपरंपरा आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांस घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून आख्यायिका उतरवून आणण्यास सांगितले. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी हे काम केले, आणि सुमारे ७,४०,००० पाने जमली. आज ती डब्लिनच्या विद्यापीठात अभ्यासकांस उपलब्ध आहेत. मुलांस तेथे लेखक होण्यास नव्हे, तर ऐकणारे होण्यास सांगितले होते. आपल्याकडील प्रकल्पांत चित्रे व कल्पकता यांस गुण मिळतात. कोणाकडून ऐकले, कोणत्या भाषेत ऐकले, याचा रकानाच नसतो.

सोलापुरात तर हा रकाना सर्वांत आधी हवा. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो. लोक त्यास यण्णिमज्जन म्हणतात. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल व ‘मज्जन’ म्हणजे स्नान. सिद्धरामांशी विवाह इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह झाला, ही आख्यायिका सात नंदीध्वजांच्या अक्षता सोहळ्यामागे आहे. वहीत ती शुद्ध मराठीत उतरते, आणि ‘यण्णिमज्जन’ जाऊन तेथे ‘तैलाभिषेक’ येतो. अर्थ तोच राहतो, परंतु शतकांचा शेजार त्या एका शब्दाबरोबर नाहीसा होतो.

काही वर्षांपूर्वी अशा प्रकल्पांचा परीक्षक म्हणून एका शाळेत जाण्याचा योग आला. पद्मशाली समाजातील एका मुलीने भावनाऋषींची कथा लिहिली होती. मार्कंडेयांच्या या पुत्राने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, अशी ती कथा. खाली तात्पर्य होते: ‘उद्योग करावा.’ गोष्ट कोणी सांगितली, असे विचारता ती म्हणाली, “आजीने. पण ती तेलुगूत सांगते, सर. ते कसं लिहायचं?” मी म्हणालो, देवनागरीत, ऐकले तसे. तिने वही परत घेतली आणि मागच्या कोऱ्या पानावर आजीची दोन वाक्ये लिहून दिली. त्यांत मागासंबंधीचे तीन शब्द होते. छापील लेखात त्यांपैकी एकही नव्हता.