चौसष्ट बाइट्सचे वाटणीपत्र : ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्ह आले कोठून?

संगणक बिघडला की ‘सी’ पुसावा आणि विंडोज नव्याने बसवावी. ‘डी’मधील छायाचित्रे, गाणी, प्रकल्पांचे अहवाल जागच्या जागी राहतात. ही रीत घरोघरी इतकी रुजली की हार्ड डिस्कची विभागणी मुळात याचसाठी शोधली गेली, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्रारंभी प्रश्न सुरक्षिततेचा नव्हता. तो मोजणीचा होता आणि काही अंशी सत्तेचाही.

१९७५ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सहावी आवृत्ती बाहेर पडली. त्या काळची आरपी०३ ही डिस्क सुमारे ४० एमबीची, म्हणजे तेव्हाच्या मानाने अवाढव्य. अडचण अशी की युनिक्सला एका सलग डिस्कवर ६५,५३६ पेक्षा अधिक ठोकळे मोजताच येत नव्हते, कारण सोळा बिटांत त्याहून मोठा आकडा मावत नाही. ५१२ बाइट्सचा एक ठोकळा धरला, तर हिशेब ३२ एमबीवर संपतो. मग एकाच डिस्कचे अनेक भाग कल्पिले गेले आणि प्रत्येक भाग जणू स्वतंत्र डिस्क आहे, असे प्रणालीला सांगण्यात आले. एवढी मोठी डिस्क तुकड्यांत हाताळणे सोयीचे पडते, हे दुसरे कारणही त्याच माहितीपुस्तिकेत दिलेले आहे. पण ते नंतरचे.

आता आयबीएमकडे वळू. १९८१ चा आयबीएम पीसी हार्ड डिस्कविनाच आला. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी हे यंत्र १० एमबीच्या हार्ड डिस्कसह बाजारात आले आणि तिच्या वाट्याला पुढचे अक्षर आले : ‘सी’. फ्लॉपी केव्हाच नाहीशा झाल्या, तरी अक्षर हललेले नाही.

पण १० एमबीची वाटणी करायचीच कशाला? याचे उत्तर त्या वेळच्या चुरशीत आहे. आयबीएमच्या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली राज्य करणार, हे अजून पुरते ठरलेले नव्हते. ४० डॉलरची पीसी-डॉस, २४० डॉलरची सीपी/एम-८६ आणि तिसरी यूसीएसडी पी-सिस्टिम, असे तीन दावेदार होते. फ्लॉपीच्या काळात हा तंटा सोपा होता. जी प्रणाली हवी तिची फ्लॉपी घालावी. हार्ड डिस्क यंत्रातच बसवलेली. तिच्यावर दोन प्रणालींना शेजारी नांदायचे, तर हद्द आखणे भाग होते.

ती हद्द डॉस २.० बरोबर आलेल्या एफडिस्क या आज्ञेने आखली. डिस्कच्या पृष्ठावर कोठे भिंत उभी राहिली नाही. केवळ पहिल्या, ५१२ बाइट्सच्या सेक्टरात नोंद झाली : ४४६ बाइट्स संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट्स वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ खुणेसाठी. तक्त्यात सोळा-सोळा बाइट्सच्या चारच नोंदी. प्रत्येकीत हिश्शाची सुरुवात, लांबी, मालक कोण आणि संगणक या भागातून सुरू करायचा की नाही, एवढाच मजकूर. सातबाऱ्यावरची नोंद बदलली म्हणून शेतातली माती हलत नाही, तसेच हे. विभाग चुकून पुसला गेला तरी आतील माहिती बहुधा तशीच असते, त्याचे कारण हेच. उलट, पहिल्याच सेक्टरात घुसणाऱ्या ‘स्टोन्ड’सारख्या विषाणूंना त्या एका जागेवरून साऱ्या यंत्राचा ताबा मिळे.

चुरस डॉसने जिंकली. आता डिस्कवर दुसरा दावेदारच उरला नाही, तरीही वाटण्या वाढल्या. कारण ६५,५३६ चा तोच जुना आकडा आडवा आला. डॉसलाही एका विभागात ३२ एमबीपलीकडे मोजता येईना, आणि डॉसचा विभाग तर एकच. ४० एमबीची डिस्क विकत घेणाऱ्याचे ८ एमबी पडीक राहू लागले. एप्रिल १९८७ च्या डॉस ३.३ ने तोड काढली : एका हिश्शाच्या पोटात आणखी पोटहिस्से. ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ या अक्षरांचा खरा जन्म येथला. पुढच्या आवृत्त्यांत मर्यादा वाढत २ जीबीपर्यंत गेली, पण तिची किंमत अशी की मोठ्या विभागात एक केबीची फाइलसुद्धा ३२ केबी जागा अडवून बसे. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आले, तेव्हा हा जाच सुटला.

म्हणजे ‘सी’त विंडोज आणि ‘डी’त संसार, ही आपल्याकडे असेम्बल्ड संगणकांबरोबर पसरलेली व्यवस्था म्हणजे सक्तीतून उरलेली सवय होती. मात्र ती निरर्थक नव्हती. प्रणाली वारंवार कोसळत असताना तिने असंख्य प्रबंध वाचवले. डिस्कच निकामी झाली, तर मात्र ‘सी’ आणि ‘डी’ एकदमच जातात. हा भेद पुष्कळांना फार उशिरा कळला.

विभागणीने घडवलेला एक योगायोगही सांगण्याजोगा आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स मिनिक्स या प्रणालीच्या आधाराने स्वतःची प्रणाली लिहीत होता. एकदा मोडेमला पाठवायची डायल करण्याची आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कला पाठवली आणि मिनिक्सचा विभाग उद्ध्वस्त झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने स्वतःच्याच लिनक्सवर राहायचे ठरवले.

१९८३ च्या तक्त्यात लांबीसाठी बत्तीस बिट राखलेले होते. त्यामुळे तो २ टीबीपर्यंत, म्हणजे एक्सटीच्या डिस्कच्या दोन लाख पटींहून अधिक, पुरला. त्यापुढे इंटेलने ईएफआयसोबत आखलेली जीपीटी ही पद्धत आली : चौसष्ट बिटांची मोजणी, सामान्यतः १२८ नोंदी आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रत. जुना तक्ता तरीही हटलेला नाही. नव्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरात तो अजून लिहिला जातो आणि त्यात बहुधा एकच नोंद असते : सर्व जागा व्यापलेली आहे. जुन्या काळचा एखादा प्रोग्रॅम आलाच, तर त्याने डिस्क रिकामी समजू नये, एवढ्यासाठी.