मुनीमजींचे बारा टक्के

दरवर्षी मे महिन्यात टीव्हीवर राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांची यादी लागते. त्यात ब्रह्मपुरीचं नाव आलं की ऑफिसातला कुणीतरी हमखास विचारतो, "हे तुझंच गाव ना रे?" बाकीचे अकरा महिने गावाची आठवण कुणालाच नसते. मला असते, कारण ते माझं आजोळ. चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, वैनगंगेच्या अलीकडे, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या.

दिवाळीत तिकडे गेलो होतो. माळ्यावरची पेटी उघडली आणि आबाजींच्या वह्या हाती लागल्या. आबाजी म्हणजे आईचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, १९८८ मध्ये निवृत्त झाले. रोजचा खर्च लिहायची सवय. घरची दीड एकर शेती होती, म्हणून दरवर्षीचा धानाचा सरकारी हमीभावही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवत. १९९०-९१: २०५ रुपये क्विंटल. २०००-०१: ५१० रुपये क्विंटल. सॉफ्टवेअरवाल्याला असे आकडे दिसले की हात आपोआप एक्सेलकडे जातात. माझेही गेले. आणि मग लहानपणी ओट्यावर बसून ऐकलेला एक जुना वाद एकदम समजला.

वाद होता आबाजी आणि शेजारचे मुनीमजी यांच्यातला. मुनीमजी एका राइस मिलमध्ये हिशेब लिहायचे. १९९० मध्ये त्यांनी काम सोडलं. मिलकडून मिळालेले थोडे पैसे, आयुष्यभराची शिल्लक आणि एक प्लॉट विकून आलेली रक्कम, असे बरोबर एक लाख रुपये जमले. ते त्यांनी बारा टक्क्यांनी गुंतवले. महिन्याला हजार रुपये व्याज. योगायोग असा की आबाजींचं पेन्शनही तेव्हा हजाराच्याच आसपास होतं. म्हणजे एकाच ओट्यावर बसणारे, एकाच उत्पन्नाचे दोन म्हातारे.

मुनीमजी चिडवायचे, "मास्तर, तुमचं पेन्शन तुमच्यासोबत जाईल. माझा लाख पोरांना राहील."

आबाजींकडे याला उत्तर नसायचं. कारण हिशेब बरोबरच होता!

आता हाच हिशेब धानात करून पाहू. (हमीभाव साध्या धानाचा. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून निवड करत करत जे एचएमटी धान काढलं, ते महाग. ते सोडून द्या.) १९९०-९१ मध्ये मुनीमजींच्या हजार रुपयांत ४८८ किलो धान यायचं. २०००-०१ मध्ये त्याच हजारात १९६ किलो. दहा वर्षांत धानाचा भाव वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे बारा टक्क्यांतले साडेनऊ टक्के हे व्याज नव्हतंच. ती मुद्दलाची झीज होती, जी व्याजाच्या नावाखाली हातात पडत होती. खर्च करण्याजोगी खरी कमाई जेमतेम अडीच टक्के. मुनीमजी बाराच्या बारा टक्के खात होते, म्हणजे दर महिन्याला स्वतःच्या लाखाचा एक तुकडा मोडत होते. पासबुकात मात्र लाखाचा आकडा तसाच दिसत होता.

आणि आबाजी? पाचव्या वेतन आयोगानंतर त्यांचं पेन्शन साडेतीन हजारांच्या वर गेलं. धानात मोजलं तर जवळजवळ सात क्विंटल. १९९० पेक्षा जास्त!

हे कसं झालं, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. महागाई भत्ता आपल्याकडे रुजला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात, किमती भडकल्या तेव्हा. पण तो कामावर असलेल्यांसाठी. निवृत्त माणसाला एकदा जो आकडा ठरला तो ठरला. मग आलं १९७२ चं दुष्काळी वर्ष, पाठोपाठ १९७३ ची तेलाची भाववाढ. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमतींच्या वाढीचा दर तीस टक्क्यांपलीकडे गेला होता. अशा दरात ठरीव पेन्शनचं तीन वर्षांत काय होतं ते तुम्हीच काढा. तिसऱ्या वेतन आयोगाने १९७३ मध्येच पेन्शनलाही किंमत निर्देशांकाशी जोडलेली वाढ द्यावी अशी शिफारस केली होती. पुढे १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाचा नकारा खटल्यातला निकाल आला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. निकालाचा गाभा असा की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत मनमानी भेदभाव करता येणार नाही. म्हणून पेन्शनर मंडळी आजही १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात.

थोडक्यात, आबाजींना महागाईपासून ज्या छत्रीने वाचवलं, ती पाचपन्नास वर्षांच्या भांडणातून तयार झालेली होती. मुनीमजींसाठी कुणी भांडलंच नव्हतं.

पण मुनीमजींना मूर्ख समजू नका हं. ते एका जुन्या आणि एके काळी अगदी बरोबर असलेल्या शहाणपणाने वागत होते. आपल्याकडे वर्षासन नावाचा प्रकार होता. शास्त्री-पंडितांना, देवस्थानांना वर्षाला ठरलेली रक्कम. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी १८१८ मध्ये वर्षाला आठ लाख रुपये बांधून दिले, आणि १८५१ मध्ये तो बिठूरला वारला तोपर्यंत आकडा आठ लाखच होता. त्या जगात हे चालून जायचं. दुष्काळ पडला की भाव चढायचे आणि चांगला पाऊस झाला की पुन्हा उतरायचे. त्यामुळे "मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचं" हा नियम पिढ्यानपिढ्या टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर भाव चढायचे ते उतरेनासेच झाले. जग बदललं, नियम तसाच राहिला. मुनीमजींनी मुद्दलाला कधी हात लावला नाही. महागाईने लावला.

याच्यापुढचा भाग मला स्वतःला सर्वांत नवलाचा वाटला. पीपीएफचा दर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होता. मग तो धडाधड उतरला: अकरा, साडेनऊ, नऊ आणि मार्च २००३ मध्ये आठ. इतर अल्पबचतीचंही तेच. त्या वेळची घरातली चर्चा मला चांगली आठवते. म्हाताऱ्यांच्या पोटावर पाय आणला, असं प्रत्येक जण म्हणायचा. मुनीमजींचेही पैसे मुदत संपल्यावर पुन्हा गुंतवताना हजाराचे सहाशे सदुसष्ट झाले. पण आबाजींची वही काय सांगते? २०००-०१ मध्ये ५१० असलेला हमीभाव २००५-०६ मध्ये ५७० होता. वाढ वर्षाला सव्वादोन टक्के. म्हणजे आठ टक्क्यांच्या त्या वर्षांत खरं व्याज बारा टक्क्यांच्या काळाच्या दुपटीहून जास्त होतं! ओरड झाली २००३ मध्ये. घरफोडी होऊन गेली होती १९९० ते २००० च्या दरम्यान, आणि तेव्हा सगळे बारा टक्क्यांवर खूश होते.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी शेअरमध्ये का नाही टाकले? दहा वर्षांच्या हिशेबात ते बरोबर दिसतं. सेन्सेक्सने जुलै १९९० मध्ये हजाराचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो सहा हजारांजवळ होता. पण सप्टेंबर २००१ मध्ये तोच तीन हजारांच्या खाली आला. दर महिन्याला किराण्यासाठी पैसे काढणाऱ्याला अशा घसरणीत स्वस्तात विकावं लागतं, आणि विकलेलं परत येत नाही. त्या काळच्या निवृत्तांचा लाडका मधला मार्ग होता यूएस-६४. १९६४ पासूनची युनिट ट्रस्टची योजना, दरवर्षी लाभांश. अडचण एवढीच की तिची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट जाहीर करायचा, तिच्यातल्या शेअरांच्या बाजारभावाशी ती जोडलेली नव्हती. जुलै २००१ मध्ये पैसे काढणंच सहा महिने बंद केलं गेलं. सुरक्षित वाटणं आणि सुरक्षित असणं यातला फरक लाखो घरांना तेव्हा कळला. सरकारलाही काही गोष्टी उमगल्या असाव्यात. ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी नऊ टक्क्यांची वेगळी बचत योजना आली. डिसेंबर २०१३ मध्ये तर ग्राहक महागाई अधिक दीड टक्का असं व्याज देणारे रोखेही काढले. म्हणजे सामान्य माणसासाठी विकत मिळणारा महागाई भत्ताच! पण व्याज दहा वर्षांनी मुद्दलासकट मिळणार होतं, दरमहा नाही. फारसं कुणी घेतले नाहीत.

आता आपल्यावर येऊ. आपण, म्हणजे आयटी पार्कातले, बँकांतले, एजन्सीतले लोक, आबाजींच्या बाजूचे की मुनीमजींच्या?

प्रॉव्हिडंट फंडाबरोबर जी पेन्शन योजना येते ती १९९५ ची. तिचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली १५,००० ची मर्यादा धरली तर पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर महिना ७,५००. त्यानंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि पगार मर्यादेपेक्षा जास्त असलेल्यांना तर तेही नाही. आणि या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये ठरवली गेली. त्या वर्षी हमीभाव होता १,३६०, म्हणजे हजारात ७३ किलो धान. २०२४-२५ मध्ये हमीभाव २,३०० झाला आणि किमान पेन्शन हजारच होती. ४३ किलो. सरकारी नोकरीतसुद्धा महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना आबाजींची छत्री मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला, तो याच छत्रीसाठी.

तर मंडळी, आपण सगळे मुनीमजीच. फक्त लाखाच्या जागी कोटी. आणि "एक कोटी झाले की व्याजावर आरामात" हे वाक्य मी दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये ऐकतो.

मी काही आर्थिक सल्लागार नाही, कोड लिहून पोट भरतो. पण वहीवरून मी स्वतःसाठी काही ठरवलंय. पहिलं, व्याज हातात आलं की त्यातून आधी महागाईचा वाटा मुद्दलात परत टाकायचा, उरेल ते आपलं. मुनीमजींनी सुरुवातीला हजाराऐवजी पाचशेच काढले असते आणि दरवर्षी भाव वाढेल तसे वाढवत नेले असते, तर बारा टक्के आणि साडेनऊ टक्के या हिशेबाने त्यांचा लाख साधारण वीस वर्षं पुरला असता. अमेरिकेत विल्यम बेंगन याने १९९४ मध्ये तिकडचे आकडे घेऊन हाच प्रश्न सोडवला. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के, नंतर महागाईप्रमाणे वाढ, तर पैसे तीस वर्षं टिकतात. चारचा आकडा अमेरिकेचा आहे, आपल्याकडे तो जशाचा तसा उचलू नये. पण रीत तीच. दुसरं, तीन-चार वर्षांचा खर्च ठेवींत आणि ज्येष्ठांच्या योजनेत ठेवायचा, म्हणजे बाजार पडला असताना विकायची पाळी येणार नाही. बाकीच्यातला बराच भाग शेअरमध्ये, कारण महागाईबरोबर वाढणारं काहीतरी जवळ हवंच. आबाजींकडे त्यासाठी दीड एकर बांधी होती. तिसरं, व्याजदराचा आकडा एकटा वाचायचाच नाही. शेजारी धानाचा भाव लिहायचा.

यात एक कडू गोष्टही आहे. मुनीमजींना पाचशेत भागवता आलं असतं का? १९९० मध्येही नाही. त्यांचा लाख मुळातच अपुरा होता. बारा टक्क्यांनी ते फक्त दहा वर्षं लपवून ठेवलं.

२००५ च्या हिवाळ्यात मुनीमजी गेले. लाख रुपये खरंच मुलांना राहिले, एक पैसाही कमी नाही. १९९० मध्ये त्या लाखाचं ४८८ क्विंटल धान झालं असतं. त्या वर्षी १७५ झालं असतं.

आणखी एक. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. हे दोघे दरवर्षी रात्रभर जागून नाटक बघायचे. मधे केव्हातरी मुनीमजी म्हणायला लागले की आता जागरण सोसत नाही. आम्हा मुलांना ते खरंच वाटायचं. वहीत मात्र १९९६ पर्यंत "नाटक, १ तिकीट" असं आहे आणि १९९७ पासून पुढे सलग आठ वर्षं "नाटक, २ तिकिटं". आजी कधी नाटकाला गेली नाही.

असो. वह्या पुण्याला घेऊन आलोय. पुढची पानं भरायला घेतली आहेत.