चोंदलेलें नाक व मोडलेली झोंप

निद्रेच्या शत्रूंची गणना करूं लागलें असतां ढेकूण, डांस, चिंता आणि कर्ज यांचीं नांवें कोणासही आठवतात. शेजारच्या अंथरुणावर निजलेल्या माणसाचें चोंदलेलें नाक मात्र या यादींत सहसा येत नाहीं. आणि आलेंच, तर थट्टेचा विषय म्हणून येतें. कुंभकर्णास जागें करावयास गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या सोसाट्यानेंच मागें लोटले जात, हें ऐकून कीर्तनास बसलेली सारी सभा हंसते. डिकन्सच्या १८३६-३७ सालच्या ‘पिक्विक पेपर्स’मधील जो नांवाचा लठ्ठ व सदा पेंगणारा पोर उभ्याउभ्याच घोरूं लागला, कीं वाचकासही हंसूं आवरत नाहीं. या हास्याच्या मागें दडलेल्या दुःखाचा इतिहास थोडक्यांत पाहावा, एवढाच आमचा आजचा हेतु आहे.

प्रथम हा आवाज होतो कसा तें पाहूं. नाकाच्या आंतील त्वचा नाजूक असून रक्तवाहिन्यांनीं भरलेली असते. पडशानें ती सुजते. आडवें झाल्यावर तेथें रक्त अधिक सांचतें व वाट आणखी अरुंद होते. अशा वाटेंतून हवा जाऊं लागली म्हणजे शीळ किंवा घुरघुर ऐकूं येते. वाट फारच बंद झाली तर तोंड उघडतें, आणि मग टाळूचा मऊ पडदा थरथरूं लागून खरें घोरणें सुरू होतें. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळीं सारख्या मोकळ्या नसतात, आळीपाळीनें मोकळ्या होतात, हें रिचर्ड कायझर यानें १८९५ सालीं शास्त्रीय रीतीनें मांडलें. आपल्याकडील स्वरोदयाच्या अभ्यासकांस ही गोष्ट फार पूर्वींपासून परिचित होती.

आपल्या वैद्यकानें नाकास कधींच क्षुद्र मानलें नाहीं. मानेच्या वरील अवयवांच्या रोगांसाठीं शालाक्यतंत्र ही आयुर्वेदाची स्वतंत्र शाखा होती. प्रतिश्याय व पीनस यांचा तींत तपशीलवार विचार केलेला आहे. वाग्भटानें नाकास मस्तकाचें द्वार म्हटलें, व त्याच द्वारानें औषध घालण्याच्या विधीस नस्य हें नांव मिळालें. हठयोग्यांनीं नाकांतून सूत्र घालून तें मुखावाटे काढण्याची नेति सांगितली. आणि ज्यांनीं कोणताही ग्रंथ वाचला नव्हता त्या आमच्या आजीबाई ओव्याची गरम पुरचुंडी हुंगावयास देत, सुंठेचा लेप कपाळावर घालीत आणि डोक्यावरून पांघरूण घेववून वाफारा देत. रोग त्यानें समूळ जात नसेल. पण घटका दोन घटका घरास झोंप मिळे.

युरोपांत मात्र या विषयावर एका भ्रमाचें राज्य फार काळ चाललें. नाकांतून वाहणारा कफ मेंदूंतच उत्पन्न होतो व कवटीच्या तळाशीं असलेल्या छिद्रांतून खालीं झिरपतो, असें गॅलेन मानीत असे. शरीररचनाशास्त्राचा पाया नव्यानें घालणाऱ्या व्हेसॅलियसच्या १५४३ सालच्या ग्रंथांतही मेंदूखालील एका ग्रंथीस कफ धारण करणारी ग्रंथि हेंच नांव आहे. १६५१ सालीं नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्यानें गालाच्या हाडांतील पोकळीचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत एका स्त्रीची हकीकत आहे. दांत काढल्यानंतर पडलेल्या छिद्रांत पिसाची काडी खोल शिरलेली पाहून ती आतां मेंदूसच पोंचली, या भीतीनें ती हायमोरकडे धांवली. ती पोकळी सर्वांच्याच गालांत असते, असें सांगून त्यानें तिचें समाधान केलें. पुढें विटेनबर्गचा प्राध्यापक श्नायडर यानें १६६० पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, कफ हा मेंदूंत नव्हे, तर नाकाच्या त्वचेंतच उत्पन्न होतो, हें सिद्ध केलें. मेंदू निर्दोष ठरला; आतां नाकाकडे पाहणें भाग पडलें.

तथापि दोष नाकाचा, हें कळल्यावरही लोक दोष माणसाच्या स्वभावासच देत राहिले. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचीं चित्रें काढणारा प्रसिद्ध चित्रकार जॉर्ज कॅटलिन यानें तोंड मिटून निजावें, असा उपदेश करण्यासाठीं एक पुस्तकच लिहिलें. उपदेश चांगला, परंतु ज्याचें नाक बंद आहे त्यानें तोंडही मिटावें तर श्वास घ्यावा कोठून? याचें उत्तर कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यानें १८६८ सालीं दिलें. तोंड उघडें टाकून निजणाऱ्या, कमी ऐकूं येणाऱ्या व मंद दिसणाऱ्या अनेक मुलांच्या नाकामागें वाढलेल्या गांठी त्यास आढळल्या. त्या काढतांच मुलें बदललीं. तीं मंद नव्हतींच. त्यांची वाट अडलेली होती.

हें वाचतांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत ‘पिक्विक पेपर्स’ शिकवीत होतों. शेवटच्या बांकावर एक विद्यार्थी तोंड उघडें टाकून निजला होता, व त्याच्या नाकाची शीळ साऱ्या वर्गास ऐकूं येत होती. आम्हीं त्यास ‘जो’ म्हणून हांक मारली. वर्ग खदखदून हंसला. तें नांव त्यास चिकटलें. कांहीं महिन्यांनीं त्याचे वडील भेटले. मुलाच्या नाकांत मांस वाढलें असून रात्रीं त्याचा श्वास मध्येंच अडतो, व त्या भीतीनें त्याची आई उशाशीं बसून राहते, असें त्यांनीं सांगितलें. शस्त्रक्रिया झाली, मुलगा बरा झाला, परीक्षाही उतरला. पण आमच्या तासास तो पुन्हा बसला नाहीं. ज्या ‘जो’च्या नांवानें आम्ही हंसलों, त्याच्याच कादंबरीवरून डॉक्टरांनीं १९५६ सालींच एका गंभीर विकारास ‘पिक्विक’ हें नांव दिलें होतें. आम्ही ती कादंबरी शिकवीत होतों. आम्हांस हें ठाऊक नव्हतें.

पुढील इतिहास आशादायक आहे. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलनें १८९३ सालीं व पॅरिसच्या ल्यूकनें १८९७ सालीं ओठाखालून गालाच्या पोकळींत शिरण्याची शस्त्रक्रिया सांगितली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऑस्ट्रियांतील ग्राट्झच्या मेसरक्लिंगरनें बारीक दुर्बिणीनें नाकाचें निरीक्षण करून पोकळ्यांच्या नैसर्गिक वाटा मोकळ्या करण्यावर भर दिला. १९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यानें निजलेल्या माणसाच्या नाकांतून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

गृहस्थानें मात्र साध्या उपायांपासून आरंभ करावा. उशी थोडी उंच घ्यावी, कुशीवर निजावें. नाक धुवावयाचें तर उकळून निववलेलें मिठाचें पाणीच वापरावें. नाक झटपट उघडणारे थेंब चार-पांच दिवसांवर घालूं नयेत. लांबलेल्या वापरानें तेंच नाक पूर्वीपेक्षां अधिक चोंदतें. आणि श्वास मध्येंच थांबून माणूस दचकून धापा टाकीत असेल, किंवा रात्रभर निजूनही दिवसा पेंगत असेल, तर डॉक्टरांस दाखवावें.

शेजारीं जागणाऱ्याचें दुःख खोटें नव्हे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तर त्यास पळावयासही जागा नसते. पण ज्याचा आवाज होतो त्यास तो ऐकूं येत नाहीं, आणि जो ऐकतो तोच त्याचा एकमेव साक्षीदार असतो. त्या साक्षीदारानें सकाळीं थट्टा करावी, कीं रात्रीं काय ऐकलें तें नीट सांगावें, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. आम्हीं एकदां थट्टा केली होती.